टोला

सातला मी टोला देतो.
घंटा नाही आमच्याकडे.
नॅरोगेजच्या रुळाचा हातभर तुकडा
कडुनिंबाला तारेनं टांगलेला,
आणि माझा गँगमनचा हातोडा,
ज्याचा दांडा आजवर तीनदा बदलला.
गाडी गेली. तुकडा राहिला. मी राहिलो.

फादर महिन्यातून दोन रविवार येतात,
मोटारसायकलवर, धुळीनं पांढऱ्या भुवया घेऊन.
बाकी दिवस किल्ली माझ्या करदोड्याला.
पत्र्याचं देऊळ, सोळा बाय बारा,
मरियामातेच्या उजव्या हाताची दोन बोटं
रंगाऱ्यानं शिडी काढताना मोडली,
ती मी डबीत जपून ठेवलीत.

जपमाळेला आधी अकरा जण असायचे.
पोरं चाकणच्या कंपन्यांत गेली,
अथनासची म्हातारी मातीत,
डोमिनिका लेकीकडे बडनेऱ्याला.
उरलो मी, थेक्ला,
आणि उंबऱ्यावरचा कुत्रा,
तो "आमेन"ला माशी हाकलतो.

खरं सांगू?
वीस वर्षांत आतून काही वाजलं नाही.
तुरीतले खडे वेचावेत तसे मणी सरकतात,
मन सायकलच्या पंक्चरवर.
सातवा झाला की आठवा?
थेक्ला डोळे न उघडता म्हणते,
"नववा."

देवळामागं उकर्डाजी सरोदे.
दोन फूट जागेसाठी
सहा वर्षं तहसीलला नाचवलं त्यानं आम्हाला.
ग्रामपंचायतीत अर्जही दिला होता:
यांच्या टोल्यानं माझी म्हैस बिचकते, पान्हा चोरते.
सरपंचानं तो मोठ्यानं वाचला,
हसू दाबायला मीच जास्त खोकलो.

मागच्या दिवाळीत त्याचं अर्धं अंग गेलं.
पोरगा सुरतेला, पैसे पाठवतो, वेळेवर पाठवतो.
थेक्ला एका सकाळी कण्या घेऊन गेली.
कोणी सांगितलं नव्हतं, सिस्टरच्या वहीतही नाव नव्हतं.
दुसऱ्या दिवशी परत गेली.
मग मलाही जावं लागलं,
म्हातारा वजनदार, एकटीला कुशीवर वळत नाही.
मी वळवतो, ती पाठ पुसते, पावडर लावते.
तो भिंतीकडे बघून म्हणतो,
"कण्यात मीठ कमी हाय."

राखेच्या बुधवारानंतरचा तिसरा आठवडा.
थेक्ला बहिणीच्या बाळंतिणीला बघायला गेलेली,
कुत्राही कुठं तरी उलथलेला,
दिवसभर पत्रा तडतडत होता.
सात वाजले, आणि मी खाटेवरून आढ्याला म्हणालो,
आज नाही.
कोणाचं काय अडतंय?
आढं काही बोललं नाही.
मी कूस बदलली. झोप मात्र आली नाही.

सकाळी उकर्डाजीला पाणी नेलं.
तो तोंड फिरवून पडलेला.
"काल टोला काहून नाही देल्ला बे?"
म्हटलं, कंटाळा आला.
"तुले कंटाळा. अन माह्या गोळीचं काय?
रातची गोळी टोल्यावर घेतो मी.
घड्याळ हाय भितीवर,
पन मान तिकडं वयत नाही ना."

मी घड्याळाकडे पाहिलं.
त्याच्या डोक्यामागं, उंच,
सुरतेहून आलेलं, सोनेरी काठाचं, बरोबर चालणारं.
काढून समोरच्या भिंतीला लावता आलं असतं,
एक खिळा, दोन मिनिटं.
खिळा माझ्या खिशात होताही.
तो म्हणाला, "राहू दे तितंच."
मी राहू दिलं.

चूल पेटवायला पऱ्हाटी मोडली.
त्याचं तोंड धुतलं, नखं काढली,
कण्यात मीठ घातलं, जरा जास्तच.

संध्याकाळी सातला पाच कमी असताना
कडुनिंबाखाली उभा राहिलो.
तीन टोले. तार थरथरली.
आत जाऊन गुडघे टेकले, माळ धरली,
पण कान मागच्या भिंतीला.
खूप वेळानं तिकडून
खाटेच्या लोखंडाला पेला लागल्याचा आवाज आला,
आणि एक ठसका.

सहावा होता की सातवा?
सांगायला कोणी नव्हतं.
मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.